सिम्स ३ साठी मशीन: ४५ हजारांत नवा लॅपटॉप की ऑफिसातून निघालेला डबा?

निवांत_नागपूर (प्रश्न)

मंडळी, मशीन घ्यायचंय ते मुख्यतः एकाच कामासाठी: सिम्स ३, म्हणजे 'सिम' नावाच्या माणसांचं रोजचं आयुष्य चालवायचा गेम. बाकी वापर म्हणजे ब्राउझर, थोडं एक्सेल, संपलं. सिम्स ४ घ्या असं कृपया सुचवू नका. मोकळं गाव हवंय, घरातून निघून न थांबता गावभर फिरता येईल असं, म्हणूनच हा हट्ट.

गेम स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलेला आहे. मूळ गेम आणि सात एक्सपान्शन, म्हणजे जोड-पॅक: अँबिशन्स, लेट नाइट, जनरेशन्स, पेट्स, सीझन्स, युनिव्हर्सिटी लाइफ, आयलंड पॅराडाइज. बजेट ४५ हजार, फार तर दोन हजार इकडेतिकडे. १०८० पीचा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात आहे.

समोर तीन पर्याय आहेत:

अ) नवा लॅपटॉप, कोअर आय५-१३३५यू, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.
आ) नवा लॅपटॉप, रायझन ५ ५६२५यू, ८ जीबी, वेगळं कार्ड नाही.
इ) रिफर्बिश्ड ऑफिस डेस्कटॉप, छोट्या उभ्या डब्याचा, आय५-८५००, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी. उरलेल्या पैशात त्यात ग्राफिक्स कार्ड.

दुकानदाराचं म्हणणं, "गेम २००९ चा आहे, कशावरही पळेल." हे खरं धरायचं का? आणि नागपूरचा मे महिनाही हिशेबात धरा.

सिंगलकोअर

दुकानदार अर्धं खरं बोलतोय. खोक्यावर छापलेली किमान गरज होती एक्सपीवर २ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणि १ जीबी रॅम (व्हिस्टावर २.४ आणि दीड), शिवाय १२८ एमबीचं कार्ड. तेवढ्यात मूळ गेम चालायचा. तुमच्याकडे नुसता मूळ गेम नाही, सात पॅक आहेत, आणि प्रत्येक पॅक गावात नवी माणसं, वस्तू आणि व्यवहार ओततो. पेट्स टाकलं की भटकी कुत्री, मांजरं, घोडे. सीझन्स टाकलं की पाऊस, बर्फ, सणांचं मैदान. तुमचा सिम स्वयंपाकघरात ऑम्लेट करत असतो तेव्हा गावच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी लायब्ररीत निघालेलं असतं, आणि त्याचा रस्ताही मशीनलाच शोधावा लागतो.

या हिशेबाचा मोठा वाटा एकाच थ्रेडवर चालतो. आठ कोअरचा प्रोसेसर घेतलात तर एक राबतो आणि बाकीचे बघत बसतात. म्हणून कोअर मोजू नका. एका कोअरचा वेग बघा, आणि तो वेग तासभर टिकतो का ते बघा. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची. लॅपटॉपच्या जाहिरातीत ४ गिगाहर्ट्झच्या वरचा आकडा असतो, पण पातळ बॉडीत तो काही मिनिटंच टिकतो. मग मशीन तापतं आणि वेग खाली येतो. मे महिन्यात नागपुरात खोलीचंच तापमान ३८-४० असेल तर तो आणखी लवकर येईल.

रॅमबद्दल: विंडोजवरचा सिम्स ३ हा ३२-बिट प्रोग्रॅम आहे. ६४-बिट विंडोजवर त्याला जास्तीत जास्त ४ जीबी जागा वापरता येते. मशीनमध्ये ३२ जीबी बसवा, गेमला त्याचं सोयरसुतक नाही. (नेटवर "४ जीबी पॅच मारा" असा सल्ला सगळीकडे दिसेल. शेवटच्या अपडेटनंतर ती सोय गेममध्ये आधीच आहे, त्या वाटेला जाऊ नका.) गेमने साडेतीन जीबीच्या पुढे मजल मारली की सेव्ह करताना 'एरर १२' येतो. त्याचा अर्थ सेव्ह लिहायला गेमकडे जागा उरलेली नाही. तो आला की त्या बैठकीचं काम बहुधा पाण्यात. यावर हार्डवेअरमध्ये औषध नाही. टास्क मॅनेजर उघडा ठेवायचा, गेमची मेमरी ३.३ जीबीच्या आसपास आली की सेव्ह करून गेम पूर्ण बंद करायचा आणि परत उघडायचा.

तरी १६ जीबी घ्याच, पण ते विंडोज आणि ब्राउझरसाठी. आणि वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ते ८-८ च्या दोन पट्ट्यांतच हवेत, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. एकाच पट्टीवर त्याचा रस्ता निम्मा अरुंद होतो. तुमचे अ आणि आ दोन्ही पर्याय इथे मार खातात.

माझं मत इ.

जुनीपेटी

अ पर्यायाबद्दल वेगळा इशारा. इंटेलच्या १२व्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन जातींचे कोअर असतात, मोठे आणि छोटे. आय५-१३३५यू मध्ये मोठे फक्त २ आणि छोटे ८. या प्रोसेसरवर सिम्स ३ अनेकदा उघडतच नाही. चिन्हावर डबल क्लिक केलं, क्षणभर गोल फिरला, मग काहीच नाही. एररसुद्धा येत नाही, त्यामुळे लोक दोन-दोनदा गेम परत इन्स्टॉल करत बसतात. यावर चाहत्यांनीच केलेला छोटा पॅच 'मॉड द सिम्स' या साइटवर आहे, ऑल्डर लेकच्या नावाने शोधा. तो लावला की गेम चालतो. म्हणजे अ पर्याय अगदीच बाद नाही, पण पैसे मोजून पहिल्याच दिवशी पॅच शोधत बसण्यात काय हशील?

शिवाय १२व्या पिढीपासून इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये डायरेक्टएक्स ९ (गेमने ग्राफिक्सशी बोलायची विंडोजची जुनी भाषा) थेट चालत नाही. विंडोज ते डायरेक्टएक्स १२ मध्ये उलथवून देतं. चालतं, पण मध्ये एक दुभाष्या आला. आणि सिम्स ३ हा तर डायरेक्टएक्स ९ चाच गेम.

रायझनला या दोन्ही कटकटी नाहीत. ५६२५यू मधलं व्हेगा ग्राफिक्स या गेमला १०८० पीवर मध्यम सेटिंगला पुरतं. फक्त दुसरी रॅम पट्टी टाकायला स्लॉट आहे का ते आधी विचारा. काही मॉडेलांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे ८ म्हणजे कायमचे ८.

धूळझटक

सिंगलकोअर यांच्याशी सहमत, पण इ पर्यायात खड्डे आहेत ते कुणीतरी दाखवायला हवेत.

पहिला खड्डा डब्याचा आकार. रिफर्बिश्ड बाजारात एकाच मॉडेलचे तीन आकार मिळतात: मोठा टॉवर, छोटा उभा डबा, आणि जेवणाच्या डब्याएवढा मायक्रो. मायक्रोत ग्राफिक्स कार्डाला स्लॉटच नसतो. स्वस्तात पडतोय म्हणून तो उचलू नका. छोट्या डब्यात कार्ड बसतं, पण फक्त लो प्रोफाइल, म्हणजे अर्ध्या उंचीचं. खोक्यात दोन ब्रॅकेट असतात, एक लांब आणि एक आखूड. आखूड ब्रॅकेट खोक्यात खरंच आहे ना हे दुकानातच उघडून बघा. वापरलेल्या कार्डांबरोबर तो बहुतेक वेळा हरवलेला असतो, आणि त्याच्याशिवाय कार्ड डब्याला स्क्रूने धरत नाही.

दुसरा खड्डा जाडी. काही डब्यांत कार्डाच्या लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या अगदी लगत पॉवर सप्लायचा डबा येतो. तिथे दोन स्लॉट जाडीचं कार्ड बसत नाही. मोबाइलवर आतला फोटो मागवा: लांब स्लॉट, आणि कार्डाचा पंखा येतो त्या बाजूला किमान एका स्लॉटची रिकामी जागा दिसायला हवी.

तिसरा पॉवर सप्लाय. या डब्यांत साधारण १८० ते २६० वॉटचा सप्लाय असतो आणि कार्डाला द्यायची वेगळी वायर नसते. म्हणून कार्ड असं हवं की जे स्लॉटमधूनच वीज घेतं, म्हणजे ७५ वॉटच्या आतलं. व्यवहारात तीन नावं उरतात:

जीटीएक्स १६५० लो प्रोफाइल, ४ जीबी. ७५ वॉट, दोन स्लॉट जाड. या गेमला पुरून उरतं. घेताना वरच्या कडेला जादा वीज जोडायचा ६ पिनांचा सॉकेट नाही ना ते बघा, काही मॉडेलांना तो असतो.

आरएक्स ६४००. एक स्लॉट जाडीचं लो प्रोफाइल मॉडेल मिळतं, वीजही कमी खातं. जुन्या बोर्डावर हे कार्ड थोडं मागे पडतं, कारण बोर्डाशी डेटाची ने-आण करायला त्याला चारच लेन आहेत, पण सिम्स ३ ला तो फरक जाणवणार नाही.

जीटी १०३०. इथे फसवणूक होते, मुद्दाम सांगतो. एकाच नावाची दोन कार्डं आहेत, एकात जीडीडीआर५ मेमरी आणि दुसऱ्यात साधी डीडीआर४. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ सुद्धा नाही. खोकं सारखंच दिसतं, किमतीत फरक थोडाच. डीडीआर४ वालं घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

आय५-८५०० निवडलात ते बरोबर केलंत. ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, सगळे कोअर एकाच जातीचे, आणि ८वी पिढी असल्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. ७व्या पिढीचा डबा दोन-तीन हजारांनी स्वस्त दाखवतील. तो विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

एक_खिडकी

माझं मत जरा वेगळं. कार्ड, ब्रॅकेट, जाडी हे सगळं वाचून धागाकर्ते दमले असतील. आ पर्यायाचा लॅपटॉप घ्या, ८ जीबीची पट्टी वाढवा, खाली स्टँड लावा, झालं. आणि वीज गेली तर? डेस्कटॉप फटकन बंद. सिम्स ३ सेव्ह करत असताना वीज गेली तर ती फाईल गेलीच समजा. लॅपटॉपला बॅटरी असते.

धूळझटक

वीजेचा मुद्दा रास्त आहे. डेस्कटॉप घेतलात तर ६०० व्हीएचा यूपीएस त्याच बजेटमध्ये धरा. हा डबा, जीटीएक्स १६५० आणि मॉनिटर मिळून दोनशे वॉटच्या आसपास खातील, तेवढं तो काही मिनिटं ओढतो. सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरतं.

फाईल मात्र "गेलीच" असं नाही. डॉक्युमेंट्समध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, त्यात द सिम्स ३, त्यात सेव्हज फोल्डर उघडा. प्रत्येक खेळाचं एक फोल्डर असतं, नावाच्या शेवटी '.सिम्स३'. दुसऱ्यांदा सेव्ह केल्यापासून शेजारी त्याच नावाचं आणखी एक फोल्डर दिसतं, शेवटी '.बॅकअप' लावलेलं. ती आधीच्या सेव्हची प्रत. मुख्य फोल्डर बिघडलं तर ते बाजूला हलवा, बॅकअपच्या नावातला शेवटचा '.बॅकअप' पुसा, गेम उघडा. मागच्या सेव्हपासून पुढे चालू.

लॅपटॉपच्या उष्णतेबद्दल मात्र स्टँडवर भिस्त ठेवू नका. पुढे फ्रेमरेटचं (सेकंदाला किती चित्रं काढायची) कुणी सांगेलच, ते केलं नाही तर कुठलंही मशीन तापेल.

निवांत_नागपूर

सर्वांचे आभार. इ कडे कल झालाय, जीटीएक्स १६५० सह. दोन शंका.

१) कुठेतरी वाचलं की गेम नवी कार्डं ओळखतच नाही. मग कार्डाचे पैसे वाया?
२) मॅकचं कुणी बोललं नाही. भावाकडे एम१ मॅकबुक एअर पडून आहे, तो देतो म्हणतोय.

सिंगलकोअर

मॅकचं आधी. मॅकवरची जुनी आवृत्ती ३२-बिट होती. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आलं आणि ३२-बिट प्रोग्रॅम चालणंच बंद झालं. २०२० मध्ये गेमची कंपनी ईए हिने ६४-बिट आवृत्ती काढली, ती एम१ वर रोझेटा या अ‍ॅपलच्या दुभाष्या प्रोग्रॅममधून चालते. गोम अशी की ही आवृत्ती ईएच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून मिळते, स्टीममधून नाही. स्टीमवर घेतलेल्या पॅकचे कोड स्टीममध्ये गेमच्या 'सीडी की' खाली दिसतात, ते ईए खात्यात टाकून नोंदवता येतात. उलट दिशेने, ईएवरून स्टीमवर, येत नाही. फुकटात मॅक मिळत असेल तर मशीनवर खर्च करण्याआधी महिनाभर त्यावर खेळून बघण्यात तोटा काहीच नाही. पंखा मात्र त्यात नाही, नागपुरात जपून.

जुनीपेटी

कार्ड ओळखण्याबद्दल. पैसे वाया जात नाहीत, पण अर्ध्या तासाचं काम आहे. कारण असं: गेममध्ये कार्डांची एक यादी असते, आणि ती कधीच थांबली. शेवटचं एक्सपान्शन २०१३ मध्ये आलं, तुमचं कार्ड २०१९ चं. यादीत नाव नसलं की गेम ते अनोळखी समजतो, आणि काही वेळा त्याची मेमरी ३२ एमबीच धरतो. मग कपड्यांवरचे पोत पुसट दिसतात, सेटिंग आपोआप खालच्या पातळीवर जातात.

आधी तपासा. गेम एकदा उघडून बंद करा. डॉक्युमेंट्समधल्या द सिम्स ३ फोल्डरात 'डिव्हाइसकॉन्फिग' नावाची लॉग फाईल तयार होते. ती नोटपॅडमध्ये उघडा. कार्डाच्या नावापुढे चौकोनी कंसात 'फाउंड' लिहिलेलं असेल. तिथे ० असेल तर कार्ड यादीत नाही. थोडं खाली 'टेक्स्चर मेमरी' बघा. तिथे ३२ एमबी आणि पुढे 'ओव्हरराइड' असं दिसलं तर दुखणं तेच.

दुरुस्ती दोन फाइलींत. गेमच्या इन्स्टॉल फोल्डरात गेम, मग बिन. तिथे 'ग्राफिक्सकार्ड्स' आणि 'ग्राफिक्सरूल्स' अशा दोन फाइली आहेत, दोन्हींचं एक्स्टेन्शन एसजीआर. दोन्हींची प्रत आधी कुठेतरी ठेवा. मग डेस्कटॉपवर कॉपी करून तिथे बदल करा आणि परत आणून टाका, नाहीतर विंडोज मूळ जागी सेव्ह करू देत नाही.

पहिल्या फाइलीत एनव्हिडियाचा (जीटीएक्स बनवणारी कंपनी) भाग शोधा. तिथे प्रत्येक कार्डाची एक ओळ आहे: 'कार्ड' हा शब्द, मग क्रमांक, मग अवतरणात नाव. शेवटच्या ओळीची नक्कल करून खाली चिकटवा. क्रमांकात सुरुवातीचा शून्य आणि एक्स तसेच ठेवून पुढची चार अक्षरं बदला. ती चार अक्षरं लॉग फाइलीतल्या 'चिपसेट' ओळीत 'डिव्हाइस' पुढे आहेत. व्हेंडरपुढची चार उचलू नका, तो कंपनीचा क्रमांक असतो. गडबड बहुतेक इथेच होते. नाव काहीही लिहा, चालतं.

दुसऱ्या फाइलीत कंट्रोल आणि एफ दाबून 'टेक्स्चरमेमरी' शोधा. मेमरी शून्य आली तर ती ३२ धरायची अशी एक अट तिथे आहे. फक्त ३२ च्या जागी १०२४ करा. कार्डात ४ जीबी आहेत म्हणून ४०९६ लिहायचा मोह होईल. गेमच एकूण ४ जीबीत मावायचाय, हे लक्षात ठेवा.

परत गेम उघडा, बंद करा, लॉग बघा. फाउंड १ दिसलं की जिंकलात.

सिंगलकोअर



आता फ्रेमरेट. हे वरच्या दुरुस्तीच्याही आधी करा. सिम्स ३ फ्रेमरेटला लगाम घालतच नाही. मेनू नुसता उघडा असतानाही कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतं. मॉनिटर त्यातल्या ६० च दाखवतो, बाकीची नुसती उष्णता. कार्डाचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला तर कारण बहुधा हेच.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल, मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, प्रोग्रॅम सेटिंग्ज. 'अ‍ॅड' करून बिन फोल्डरातली टीएस३डब्ल्यू ही एक्झी, म्हणजे गेम चालवणारी फाईल, निवडा. लाँचरची एक्झी निवडलीत तर काहीच होणार नाही. मग 'मॅक्स फ्रेम रेट' ६० करा आणि व्हर्टिकल सिंक चालू करा. सिंक खिडकीतल्या मोडमध्ये धरेलच असं नाही, म्हणून दोन्ही. एएमडीचं कार्ड (आरएक्स ६४००) घेतलंत तर त्यांच्या अ‍ॅड्रेनलिन प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट टार्गेट कंट्रोल. त्यानेही ऐकलं नाही तर रिव्हाट्यूनर हा फुकटचा प्रोग्रॅम दोन्हींवर चालतो.

खात्री करायला गेममध्ये कंट्रोल, शिफ्ट, सी एकदम दाबा. वर निळसर पट्टी येते. तिथे इंग्रजीत 'एफपीएस ऑन' टाइप करून एंटर. कोपऱ्यात आकडा दिसेल. ६० च्या आसपास डुलत असेल तर ठीक. तीनशे दिसला तर मर्यादा चुकीच्या एक्झीला लागली आहे.

एप्रिलफुलपाखरू

हार्डवेअर झालं, आता खरं दुखणं. आय५-८५०० आणि १६५० घेऊनसुद्धा दोन-तीन पिढ्या खेळून झाल्यावर सिम मध्येच थिजल्यासारखा उभा राहील, घड्याळ अडखळेल. ते कार्डाचं काम नाही. गावात कुठेतरी कुणीतरी अडकलेलं असतं, आणि गेम त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा रस्ता शोधत बसतो.

तुमच्या यादीतलं आयलंड पॅराडाइज यासाठी बदनाम आहे. त्यातलं इस्ला पॅराडिसो हे गाव बेटाबेटांचं, मध्ये हाऊसबोटी. रस्ते शोधताना गेम तिथे सगळ्यात जास्त धापा टाकतो. पॅक ठेवा, पण राहायला मूळ गेममधलं सनसेट व्हॅली किंवा दुसरं गाव घ्या. इस्लातच राहायचं असेल तर चाहत्यांनी दुरुस्त केलेली त्या गावाची आवृत्ती वापरा.

एनरास या नावाने चाहत्यांनी केलेले मॉड (गेममध्ये टाकायच्या जोड-फाइली) टाका. सगळे नकोत. ओव्हरवॉच रोज रात्री गावात झाडू मारतो: अडकलेले सिम, रस्त्यात सोडून दिलेल्या गाड्या उचलतो. एररट्रॅप तुटक्या वस्तूंच्या नोंदी पकडतो. सुरुवातीला हे दोनच पुरे. मॉड डॉक्युमेंट्समधल्या द सिम्स ३ फोल्डरात 'मॉड्स', त्यात 'पॅकेजेस' इथे जातात. मॉड्स फोल्डरात 'रिसोर्स' नावाची सीएफजी फाईल असावी लागते, नसली तर गेम मॉडकडे ढुंकूनही बघत नाही. मॉड उतरवताना आवृत्ती बघा, स्टीमचा गेम १.६७ आहे आणि ईए अ‍ॅपचा १.६९.

गेममधल्या सेटिंगमध्ये सगळ्यात महाग स्लायडर 'हाय डिटेल लॉट्स'. एकाच वेळी किती घरं पूर्ण तपशिलात दाखवायची ते तो ठरवतो, ८ पर्यंत जातो. ८ वर ठेवलात तर शेजारच्या घरातल्या खुर्च्यासुद्धा मेमरीत येतात आणि एरर १२ लवकर गाठतो. २ किंवा ३ वर ठेवा. 'मेमरीज' बंद करा, नाहीतर पहिलं चुंबन, पहिला मासा, सगळ्याची नोंद सेव्हमध्ये साठत जाते. गेममधलं दुकानही बंद करा.

आठवड्यातून एकदा, गेम बंद असताना, द सिम्स ३ फोल्डरातल्या 'कॅश' शब्द असलेल्या पाच पॅकेज फाइली पुसा: कासपार्टकॅश, कंपोझिटरकॅश, सिमकंपोझिटरकॅश, स्क्रिप्टकॅश, सोशलकॅश. गेम त्या स्वतःच परत बनवतो. त्याच फोल्डरातल्या सेव्हज आणि लायब्ररीला हात लावू नका.

सेव्ह करताना 'सेव्ह अ‍ॅज' करून दर वेळी नवं नाव द्या: कुलकर्णी १, कुलकर्णी २. शेवटचे तीन ठेवा, आधीचे पेन ड्राइव्हवर.

अवांतर: विंडोज ११ नव्याने लावलं की डॉक्युमेंट्स फोल्डर गुपचूप वनड्राइव्हमध्ये जातो. गेम सेव्ह करत असतानाच वनड्राइव्ह तीच फाईल वर चढवायला जातं आणि दोघांची झटापट होते. गेम लावण्याआधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट्सचा बॅकअप बंद करा. नंतर केलंत तर सेव्ह एकीकडे, मॉड दुसरीकडे असं होऊन बसतं.

निवांत_नागपूर

फारच उपयोगी. शनिवारी डबा बघायला जातोय. दुकानात उभ्या उभ्या काय तपासू? तिथे गेम काही लावू देणार नाहीत.

धूळझटक

पंधरा मिनिटं मागा, त्यात होतं.

टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. 'स्लॉट्स यूज्ड' बघा. ८ जीबी एकाच पट्टीत असेल तर उत्तम, तशीच दुसरी घालता येते. मग शेजारच्या यादीतलं सीपीयू निवडून त्याचं नाव वाचा. ८५०० सांगून ८५००टी देतात. टी म्हणजे कमी विजेचा, संथ भाऊ. तो तुम्हाला नको.

क्रिस्टलडिस्कइन्फो पेन ड्राइव्हवर न्या. इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते. एसएसडीच्या तब्येतीचे टक्के आणि किती तास चाललीय ते दिसतं. ९० च्या खाली असेल तर भावात धरा. तुमचा गेम सगळ्या पॅकसकट आणि विंडोज २५६ जीबीत सहज मावतात, पण डिस्क साधी फिरणारी नको. गाव उघडायला आणि कपड्यांची यादी यायला तिच्यावर वैताग येईल.

डब्याचं झाकण उघडायला लावा. प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीचा नमदा असेल तर साफ करून नवी थर्मल पेस्ट लावून मागा, हे काम त्यांना दहा मिनिटांचं. लांब स्लॉट आणि त्याच्या बाजूची जागा मोजपट्टीने मोजा. दोन स्लॉटच्या कार्डाला साधारण ४ सेंटिमीटर जाडी लागते. पॉवर सप्लायच्या लेबलवरचे वॉट वाचा आणि फोटो काढून ठेवा.

मग कार्ड तिथेच बसवून घ्या आणि मॉनिटरची वायर कार्डाच्या मागे लावा, बोर्डाच्या मागे नाही. चित्र आलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह नाही, तर पैसे द्या. चित्र आलंच नाही तर आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) पहिलं ग्राफिक्स आतलं आहे की पीसीआयवरचं ते बघा, ऑफिसच्या डब्यांत ते आतल्यावर अडकवलेलं सापडतं.